बिनगाण्यांचा पिक्चर

बायकोच्या आईनं विणलेला स्वेटर कडकरावांनी गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकला आणि तो बाहेर आला तेव्हा बालवाडीतल्या मुलीला जेमतेम बसेल एवढा उरला होता. ज्या माणसाची स्वतःची लाँड्री आहे, ज्याच्या पाटीवर 'लोकरी कपड्यांची खास काळजी' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि ज्याच्या इस्त्रीमुळे अख्खा मोहल्ला त्याला कडकराव म्हणतो, त्याच्या हातून हे व्हावं, म्हणजे काय बोलायचं. गिऱ्हाइकाचा असता तर त्यांनी तो गार पाण्यात, हातानं, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा धुतला असता. घरचा होता, म्हणून चादरींबरोबर गेला.

इथवर एक वेळ ठीक होतं. खरा घोटाळा पुढे झाला. कडकरावांनी तो स्वेटर सपाट पसरून वाळवला, वरून वाफ दिली, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला, सवयीनं पिशवीला नंबराची चिठ्ठी टाचली आणि बायकोच्या कप्प्यात होता तिथे ठेवून दिला. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. थंडी पडल्यावर बायकोनं पिशवी उघडली. स्वेटर विणणारी आई त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती. बायको बराच वेळ तो इवलासा स्वेटर हातात धरून उभी राहिली आणि मग तिनं विचारलं, याचं काय झालं. कडकराव म्हणाले, "आटला." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला आणि दूध आज जरा पातळ आलंय का, असं विचारलं. त्याच दिवशी ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना स्वेटर पर्समध्ये घालून घेऊन गेली; तो आता पर्समध्ये मावत होता.

कडकराव दुष्ट नव्हते. भांडण असंच मिटतं, अशी त्यांची लहानपणापासूनची प्रामाणिक समजूत होती, आणि ती त्यांना एका पिक्चरनं दिली होती.

कडकराव आणि त्यांची ताई यांच्या लहानपणी घरात एकच व्हिडिओ कॅसेट होती. बाबांनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. भावंडं तिला 'होडीचा पिक्चर' म्हणत आणि सुट्टीत रोज बघत. नदीकाठच्या गावातला एक तरुण नायिकेच्या मेलेल्या वडिलांचं घड्याळ जिन्यावरून पाडतो. ती त्याच्या तोंडावर दार लावते. तो पावसात उभा, पांढऱ्या कोटावर चिखलच चिखल. आणि पुढच्याच क्षणी दोघं होडीत बसून हसताहेत, कोट दुधासारखा पांढरा आणि नायिकेच्या मांडीवर एक चौकोनी डबा. घड्याळाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. छोट्या कडकरावांनी यावरून दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. एक, गप्प बसलं की भांडण आपोआप मिटतं. दोन, तो कोट इतका स्वच्छ कसा झाला हे आपण मोठेपणी शोधून काढायचं. दुसऱ्या गोष्टीमुळे ते लाँड्रीत पडले आणि पहिलीच्या जोरावर त्यांनी संसार केला.

त्या पिक्चरमध्ये एकही गाणं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान. गाणं म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको दिवसभर वाचनालयात लोकांना गप्प बसवायची, त्यामुळे घरी आल्या आल्या तिला गाणी लागत, आणि जुने गाण्यांचे पिक्चर दिसले की ती भाजी गॅसवर विसरे. त्यावरून दोघांचं नेहमी वाजायचं. जे सांगायचंय ते सरळ सांगावं, त्यासाठी झाडाभोवती फिरायची काय गरज, असं कडकरावांचं म्हणणं.

"सरळ सांगता येत नाही म्हणूनच माणसं गातात," बायको एकदा म्हणाली होती. "तुला तर दोन्ही येत नाही."

तेव्हा हा टोमणा त्यांनी शर्टावरच्या सुरकुतीसारखा झटकून टाकला होता. आता रिकाम्या घरात तो अधूनमधून ऐकू यायचा. रात्री ते एकट्यापुरतं ताट वाढून घ्यायचे, पण बहिणीकडे फोन करून बोलायचं काय, हे काही केल्या सुचत नव्हतं.

अशात ताईनं कळवलं की होडीचा पिक्चर इंटरनेटवर सापडलाय, रविवारी दुपारी ये, आपली आईही इथे वाट बघतेय. कडकरावांची कळी खुलली. बायकोलाही तिथेच बोलवायचं, आपण काही बोलायला नको, पिक्चरच तिला दाखवेल की शहाणी माणसं भांडण कसं मिटवतात. आईला फोन करायला लावला. सासूचा शब्द मोडवेना म्हणून बायको आली. ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि पर्स तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. कडकराव सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, जीव टांगणीला लागलेला, रिमोट हातात घट्ट.

पिक्चर सुरू झाला. नायिका बादली घेऊन नदीवर आली. कडकरावांना पुढचं पाठ होतं, आता ती बादली भरणार. तिनं बादली खाली ठेवली, आभाळाकडे पाहिलं आणि गायला लागली.

हा तो पिक्चर नाहीच, असं कडकरावांनी जाहीर केलं. ताईनं नाव दाखवलं, नटनट्या दाखवल्या. मग हा नंतर कोणीतरी बिघडवलेला असणार, आजकाल लोक कशातही काहीही घुसडतात, असा त्यांचा दुसरा मुद्दा. तोवर दुसरं गाणं लागलं. त्यात नावाडी नाचत होता. लहानपणी भावंडांना तो मध्येच लंगडायला का लागतो ते कधी कळलं नव्हतं. तो या गाण्यात होडीवरून पडला. नायिकेचे प्रेमळ काका पिक्चरच्या मध्यावर नाहीसे होत, ते नोकरीच्या गावी परत गेले असावेत असं दोघांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. ते तिसऱ्या गाण्यात वारले. ताईनं डोळ्यांना पदर लावला. इतकी वर्षं काका खुशाल आहेत असं आपण समजत होतो, म्हणाली, आणि खरंच मुसमुसू लागली.

"बिनगाण्यांचा ना?" बायकोनं विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

कडकरावांनी रिमोटनं आवाज कमी केला. आणि तेव्हा त्यांना ऐकू आलं की पडद्यावरच्या बाईबरोबर खोलीत आणखी कोणीतरी गातंय. आई गात होती. अगदी हळू, डोळे मिटून, एकही शब्द न चुकता.

"गाणी होतीच की," गाणं संपल्यावर ती म्हणाली. "लग्नानंतर आम्ही दोघांनी टॉकीजला पाहिलेला हा. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा हे रेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसले. गाणं आलं की दाबायचे. एका कॅसेटीत पिक्चरही बसवायचा होता आणि मॅचही. मी म्हटलं, ते भांडणानंतरचं एक तेवढं राहू द्या. तर म्हणाले, त्यात गोष्ट कुठे पुढे सरकते."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती मॅच कोणती होती, कोण जिंकलं, हे आज कोणाला सांगता आलं नसतं.

एवढ्यात पडद्यावर घड्याळ जिन्यावरून पडलं. दार लागलं. कडकराव सवयीनं पुढे सरसावले, आता होडी येणार. होडी आली नाही. चिखलात उभ्या माणसानं गायला सुरुवात केली. फुटलेलं घड्याळ छातीशी धरून तो गावभर हिंडला; एकेका दुकानात घड्याळजी ते उघडून बघत आणि मान हलवून परत देत. मग तो नदीवर गेला, कोट काढला आणि धुवायला बसला. कडकराव डोळे फाडून बघत होते. यात काही जादू नव्हती. तो नुसता घासत होता. तेही चुकीचं, चिखल आधी वाळू द्यायचा असतो, ओला घासला की आत मुरतो, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. कडव्यामागून कडवं होत गेलं, डाग फिका होत गेला, पण पूर्ण काही जाईना. शेवटी तो तिच्या दाराशी परतला तेव्हा नायिका दार उघडून पायरीवर येऊन बसली. तिनं ते बंद घड्याळ त्याच्या हातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि वडिलांसाठी पोटभर रडली. तो दोन पायऱ्या खाली बसून राहिला. मग कुठे होडी आली; कोटावर कॅसेटमध्ये कधी न दिसलेला फिकट डाग होता. तिच्या मांडीवर डबा नव्हताच. ते घड्याळ होतं, आणि ते शेवटपर्यंत दुरुस्त झालेलं नव्हतं.

गाणं संपलं. ताई नाक ओढत होती. बायको पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि तिची नजर पहिल्यांदाच सरळ कडकरावांकडे होती. आईचीही होती. आता बोललं पाहिजे, हे त्यांना लख्ख कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"चहा टाकू का?" ते म्हणाले.

बायको उठली. सासूला वाकून नमस्कार करून, ताईच्या खांद्यावर हात ठेवून ती दाराबाहेर पडली. ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगदी यांच्यावर गेलास," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "भांडण झालं की मधलं सगळं गाळून थेट चहा. मी प्याले तो जन्मभर. मला जायला जागा नव्हती. तिला आहे."

कडकराव तसेच अनवाणी जिना उतरत सुटले. बायको पहिल्या मजल्याच्या वळणावर पोहोचली होती. त्यांनी हाक मारली नाही, वरच्या पायरीवरूनच बोलायला लागले, कारण एकदा थांबलं की पुन्हा जमणार नाही हे त्यांना माहीत होतं. चादरी बऱ्याच होत्या, घाई होती, म्हणून टाकला, असं म्हणाले. मग म्हणाले की नाही, घाई नव्हती, कंटाळा केला. बाहेर काढला तेव्हाच हातपाय गार पडले, म्हणाले. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही म्हणून इस्त्री केली. सगळं एका दमात, वर-खाली होणाऱ्या बेसूर आवाजात. खालच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं होऊन पुन्हा लागलं.

बायको कठड्याला धरून ऐकत होती. ते दम घ्यायला थांबले तशी म्हणाली, "संपलं गाणं?"

"एक कडवं राहिलंय."

"म्हण."

हे कडवं त्यांना कोणाला कधीच सांगायचं नव्हतं. "स्वेटर दिला त्या दिवशी तुझ्या आईंनी मला बाजूला घेतलं होतं," ते म्हणाले. "म्हणाल्या, आता मला टाके दिसत नाहीत, दुसरा काही माझ्या हातून व्हायचा नाही. तेवढा हातानं धुवा. मी म्हटलं, आई, तुम्ही काळजी सोडा. धंदाच आहे माझा."

बायको होती त्या पायरीवर खाली बसली. पर्स उघडून तिनं तो स्वेटर काढला, मांडीवर पसरला, आणि मग तिला रडू फुटलं. आई गेली तेव्हा लोकांची उठबस करता करता राहून गेलेलं, सगळंच्या सगळं. कडकराव तिला ओलांडून खाली आले आणि दोन पायऱ्या सोडून बसले. पाणी आणू का, हे त्यांनी गिळलं.

"मी आज बहिणीकडेच जाणार आहे," रडू ओसरल्यावर ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग कधी येशील, असं विचारलं नाही. ती पुन्हा स्वेटरच्या बाहीवरून बोट फिरवू लागली.

वर दार उघडल्याचा आवाज झाला आणि आईनं जिन्यात वाकून सांगितलं, "सावकाश या रे. मी पॉझ करून ठेवलंय."

बायकोनं हातानंच नाक पुसलं. "आईंना सांग, एवढ्यात चालू करू नका म्हणावं," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."