बारा दगडांची उशी

गफ्फार पिंजाऱ्याच्या लोणारच्या दुकानात ते बारा दगड आले, तेव्हा लाईट गेलेली होती. त्यात नवल काही नाही. त्या सालांत लाईट आली तरच लोकांना नवल वाटायचं. कापूस पिंजायचं मशीन गप्प पडून होतं आणि गफ्फार दारात बसून भिंतीवरची जुनी हाताची पिंजण काढावी की काय, या विचारात होता. विचार करताना त्याचे डोळे आपोआप मिटत. त्याची बायको जमीला म्हणायची, जन्मभर कापसात राहून हा माणूसच कापसाचा झालाय, फुंकर मारली की उडतो.

दगड घेऊन आलेल्या बाई डॉक्टर होत्या. डॉक्टर म्हणजे सुईवाल्या नव्हेत, लेसरवाल्या. अश्विनी त्यांचं नाव. दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून त्या आल्या होत्या आणि रीतसर परवाना काढून त्यांनी सरोवराच्या काठचे हे दगड उचलले होते.

"चाचा, हे एकमेकांना न लागता बांधून हवेत," त्या म्हणाल्या. "प्लास्टिक नको, कागद नको, लोखंड नको. नुसता कापूस. तोही औषध न फवारलेला."

"पण ह्या गोट्यायचं करसान काय बाई?"

"त्यांच्यावर लेसर मारणार. उजेडाचा एक ठोका. पापणी लवायला लागतो त्याच्या कोटीव्या हिश्श्याहून कमी वेळ. पण तेवढ्या वेळात त्याची ताकद तुमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या विजेपेक्षा जास्त."

गफ्फारने डोक्यावरच्या बंद पंख्याकडे पाहिलं. "आमच्या जिल्ह्याच्या इजेपेक्षा तं माचिसची काडी बी जास्त हाये."

बाई हसल्या आणि खाली बसून सांगायला लागल्या. ठोका बसला की दगडाचा कणभर भाग पेटून त्याची झळाळती वाफ होते. त्या उजेडाचे रंग वेगळे केले की दगडात काय काय आहे ते वाचता येतं. हजारो वर्षांपूर्वी आभाळातून जे इथं कोसळलं, ते जाताना या दगडांत काय ठेवून गेलं, एवढंच त्यांना बघायचं होतं. गफ्फार ऐकता ऐकता पार आभाळात जाऊन पोचला.

"या मशीनसाठी दोन वर्षं मी रांगेत होते," बाई म्हणाल्या. "दोनच दिवस मिळालेत. दगडाला बाहेरचं काही लागलं, तर सगळं पाण्यात."

"जबान देतो," गफ्फार म्हणाला. "जमिनीतून निंघाले तसेच पोचतीन."

जबान देणं सोपं होतं, बिनफवारणीचा कापूस मिळणं अवघड. बीटी आल्यावर पाठीवरचा पंप उतरेल, असं बियाण्याच्या पाकिटावरचा हसरा शेतकरी सांगत होता. अळी थोडी मागे हटली खरी, पण तिच्या जागी रस शोषणारी दुसरी जमात आली आणि पंप होता तिथंच राहिला. गफ्फार चार गावं फिरला. शेवटी सुलतानपूरच्या उकंडरावांच्या घरी त्याचं काम झालं. उकंडराव शेतात होते, त्यांच्या विमलबाईंनी गाठोडं काढलं.

"शेताच्या धुऱ्यावर चार झाडं हायेत देशी कापसाची, देवाच्या वातीसाठी. देवापुढं जळते म्हणून त्याले औषध मारत नाही आम्ही. न्या भाऊ. पण आमच्या ह्यायची उशी बी भरून द्या, अन् फिटकरी जरा जास्त टाका. रातभर कूस बदलत राह्यतेत."

उशीत फिटकरीची, म्हणजे तुरटीची, चिमूट टाकायची, म्हणजे वाईट स्वप्नं पडत नाहीत, ही गफ्फारच्या आजापासूनची रीत. पूर्वी तिची आठवण फक्त लेकराबाळांच्या उशीला व्हायची. आता धडधाकट बाप्ये येऊन हळूच सांगायचे, चाचा, चिमूट जरा मोठी टाका. गफ्फारला ते ऐकून फार वाईट वाटायचं. तो मूठभर टाकायचा.

दोन दिवस त्याने तो कापूस हाताने पिंजला आणि बारा कप्प्यांची एक लांबोडी उशी शिवली. दगड एकेका कप्प्यात निजवले. हात आपले कामात होते, गफ्फार मात्र दूर त्या प्रयोगशाळेत उजेडाचा ठोका बघत उभा होता. शेवटचा टाका घालून तो भानावर आला. बाईंनी उशी मांडीवर घेतली आणि त्या गेल्या.

महिन्याभराने फोन आला. बाईंच्या दगडांत पोटॅशियम आणि गंधक निघालं होतं, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं इतकं. पुढच्या आठवड्यात दिल्लीत मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढे त्या ते सांगणार होत्या. गफ्फारने ही गोष्ट फक्त जमीलाला सांगितली. जमीलाने फक्त शेजारी सांगितली. संध्याकाळपर्यंत निवृत्त विज्ञान शिक्षक भाऊराव गुरुजींनी गफ्फारच्या सत्काराची तारीख काढली, आणि तिसऱ्या दिवशी लोणारात फलक लागला, 'आभाळीचा खजिना, लोणारचा सन्मान'. चहावाल्याने कपबशांशेजारी आभाळातले म्हणून दगड मांडले. ते त्याच्या विहिरीच्या खोदकामातले होते.

दिल्लीला जाण्याआधी सत्काराला बाई मुद्दाम आल्या. त्या माईकवर बोलत होत्या आणि मंचावर गफ्फार अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ऐकत होता. शेजारी भाऊराव गुरुजी मांडीवर शाल घेऊन बसले होते.

"पोटॅशियम, गंधक, अन् संगं ॲल्युमिनियम," गुरुजी सवयीने पुटपुटले. "आठवीले शिकवत जाओ मी. तिघं एका जागी आले का झाली फिटकरी."

गफ्फारचे डोळे खाडकन उघडले.

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपोआप जुळून चिमूट झाली होती. ती बारा वेळा उघडलेली त्याला आता स्पष्ट आठवली. बोललं तर जबान जाते, नाही बोललं तर दिल्लीत बाईंची अब्रू जाते. गप्प राहिला असता तर लोणारात कुणालाच कळलं नसतं, आणि शाल तर हातभर अंतरावर होती. तो उठला.

"बाई, थांबा. ते आभाळातलं काही नाही. ते मी टाकलं."

बाईंनी माईक खाली केला.

"काय टाकलं चाचा?"

"फिटकरी. बाराच्या बारा गोट्यायले. उशी म्हटली का हात जातेच माहा."

"अहो, पण दगडाला कशाला?"

गफ्फार खाली बघत म्हणाला, "पह्यलेच त्यायनं आभाळाचा येवढा मार खाल्ला, अन् तुमी आणखी मारणार होत्या. मनात तेच चालू होतं माह्या. निदान वाटेत तरी चांगले निजतीन."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. कुणीतरी पाणी आणलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं. गफ्फारला वाटलं, जमीन फाटून आणखी एक सरोवर झालं तर बरं.

"पहिला ठोका," बाई एकदम म्हणाल्या. "एकेका जागी आम्ही दहा ठोके मारले. पहिल्यात पोटॅशियम यायचं, पुढच्या नवांत नाही. आम्हाला वाटलं मशीन तापलं. ते नऊ आम्ही बाजूला टाकले आणि पहिला धरून बसलो." त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. "चाचा, तुमची तुरटी पहिल्याच ठोक्यात जळून गेली. खरा दगड त्या नवांत आहे. आणि ते अजून आहेत माझ्याकडे."

भाऊराव गुरुजी अर्धी उलगडलेली शाल धरून उभे होते. "मंग आता ही पांघरू का घडी घालू?"

"पांघरा," बाई म्हणाल्या. "दिल्लीत तोंड काळं व्हायचं वाचलं माझं."

चार-सहा महिन्यांनी एक पाकीट आलं. आत बाईंचा छापील इंग्रजी लेख होता. गुरुजींनी चष्मा लावून तो दोनदा चाळला. त्यात गफ्फारचं नाव कुठंच नव्हतं. सोबत मराठीत चिठ्ठी होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली.

'चाचा, आता कुठलाही नवा दगड आला की वरचा मळ जाळायला आम्ही आधी एक ठोका मारतो आणि त्याची नोंद टाकून देतो. त्या ठोक्याला आमच्याकडे सगळे गफ्फार म्हणतात. बाहेरदेशचे पाहुणेसुद्धा विचारतात, गफ्फार झाला का?'

गुरुजी गेले. गफ्फार दारात येऊन बसला आणि त्याचे डोळे हळूहळू मिटले. जमीला त्याच्या शेजारी येऊन बसली.

"जावेदचे अब्बा, म्हणजे तुमच्या नावाचा उजेड पाडतेत, अन् फेकून देतेत?"

"हाव," गफ्फार डोळे न उघडता म्हणाला. "पण पह्यला तोच."