कुलूपबंद कचेरीतील टंकलेखिकेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, श्रीशारदा प्रसन्न. पाहणारांचे डोळे आणि बोलणारांची तोंडे यांस प्रथम दंडवत करून, जे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. लिहिणाराचे नाव कोणी पुसू नये, राज्याचेही पुसू नये. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण शुद्ध पंचमी, शुक्रवार, ते दिवशी नदीकाठच्या एका राज्यात थोर कलह उत्पन्न जाहला, त्याचे मूळ ऐसे. त्या राज्यात अच्युतराव फणसळकर म्हणोन एक गृहस्थ, पाटबंधारे खात्याची चाकरी करून निवृत्त जाहलेले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आणि त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई, वय अडुसष्ट, ऐसी उभयता तिसऱ्या मजल्यावर नांदत होती. अच्युतराव तरुणपणी हौशी नाटकांत बहुत गाजलेले, आवाज खणखणीत, उंची बेताची, आणि मान मोठा. अडतीस वर्षांमागे चित्रवाणीवर 'तपास सरनाईकांचा' ऐसी एक मालिका होत असे, सरनाईक नामे गुप्तहेर दर आठवड्यास एक खून उलगडीत, आणि तिच्या अकराव्या भागात, ज्यास 'कुलूपबंद कचेरी' ऐसे नाव होते, अच्युतरावांस खुनी कारकुनाचे काम मिळाले. पाच प्रवेश, आणि शेवटी दीड पानाचा कबुलीजबाब. चित्रण चालिले असता दुपारी कुमुदिनीबाई यजमानांचा डबा घेऊन तेथे गेल्या, आणि त्याच वेळी टंकलेखिकेचे काम करणारी नटी तापाने फणफणली ऐसी खबर आली, मग दिग्दर्शकाने इकडे तिकडे पाहिले आणि डबा खाली ठेववून बाईंस यंत्रापाशी बसविले. बाईंस एकच वाक्य. "साहेब, मी निघाले तेव्हा दार उघडंच होतं." इतके बोलून त्यांनी डावीकडे एकवार पाहिले आणि मान खाली घातली. मग भाग लागला, शेजारीपाजारी जमून पाहिला, पेढे वाटले, अच्युतरावांची वाहवा जाहली, आणि पुढे सर्व विस्मरणात गेले.

तो कोणी एका संग्राहकाने जुनी फीत शोधून, धुवून पुसून, इंटरनेटवर चढविली, आणि सदरहू पंचमीस कुमुदिनीबाईंच्या भाचीने तिचा दुवा मोबाइलवर पाठविला. उभयतांनी ऊन ऊन दिंडे खात तो भाग पाहिला. अच्युतराव स्वतःचे रूप पाहून संतोष पावले, आणि मग खाली प्रेक्षकांची मते लिहिली होती ती वाचावयास बसले. आपले नाव कोठे येते म्हणोन बोटाने एक एक मत वर सारीत चालिले. पहिल्याने लिहिले होते, "जुने दिवस आठवले." दुसऱ्याने लिहिले होते, "ती टाइपिस्ट कोण? काय नजर आहे!" तिसऱ्याने लिहिले, "तिला खुनी ठाऊक होता, डावीकडे बघते तेव्हा लक्षात येतं." मग चौथा म्हणाला की ठाऊक नव्हता, तिला नुसता संशय होता, आणि पाचवी एक बाई म्हणाली की संशय नव्हे, तिचे त्या कारकुनावर प्रेम होते, आणि मग दोन तट पडून शंभर सव्वाशे मतांची लढाई जुंपली. अच्युतरावांविषयी अवघी दोन मते निघाली. एकाने लिहिले होते, "खुनी पहिल्याच प्रवेशात ओळखू येतो." दुसऱ्याने लिहिले होते, "कबुलीजबाब पुढे ढकलून बघितला." हे वाचोन अच्युतरावांचे मुख उतरले. बाई म्हणाल्या, "अहो, माझ्याबद्दल काय काय लिहिलंय बघा तरी!" तेव्हा ते बोलिले, "वाचलं. लोकांना कामं नाहीत," आणि उठोन गॅलरीत गेले, दिंडे ताटात तैसेच राहिले.

पुढे मते वाढतच चालिली. भाजीवालीने पुसिले, "टीव्हीत होता म्हणे तुम्ही?" वाचनालयाच्या ग्रंथपालांनी बाईंस खुर्ची दिली, आणि अच्युतराव पाठीमागे उभे होते त्यांस पुसिले, "तुम्ही पण होता का त्यात?" हा घाव वर्मी बसला. घरी येऊन त्यांनी मनात मसलत केली, आणि 'जाणता रसिक' ऐसे खोटे नाव घेऊन त्या भागाखाली आपले मत लिहिले ते ऐसे : "टंकलेखिकेचं उगाच कौतुक चाललं आहे. या बाईंना अभिनयाचं अंगही नव्हतं. त्या नवऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या, शेपूची भाजी होती, आणि नटी आजारी पडली म्हणून बसवल्या. या भागाचा खरा कणा कारकून आहे." लिहून जाहलियावर त्यांस अंमळ हलके वाटले, आणि ते दोन कप चहा प्याले.

तिसरे दिवशी त्या मताखाली उत्तर आले. लिहिणार वसंत हळबे म्हणोन, जे त्या मालिकेत दिग्दर्शकाचे सहायक होते, आता वृद्ध जाहलेले. त्यांनी लिहिले : "डब्याची गोष्ट खरी आहे, पण ती सेटवरच्या आम्हा चारपाच जणांनाच ठाऊक होती. आपण कोण? आणि अंग नव्हतं म्हणता, तर सांगतो. त्या एका नजरेवरून सतराव्या भागातलं मुख्य काम या बाईंना द्यायचं ठरलं होतं. मी स्वतः दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं की संसारातून सवड नाही, पुन्हा लिहू नये. अजून हळहळ वाटते." हे मत कुमुदिनीबाईंनी दुपारी मेथी निवडीत असता वाचिले. एकदा वाचिले, चष्मा पुसून पुन्हा वाचिले, आणि मग यजमान समोर वर्तमानपत्र धरून बसले होते त्यांस हाक मारिली.

"अहो, हा जाणता रसिक कोण?"

"असेल कुणीतरी. मला काय माहीत?"

"डब्याचं एक वेळ हळब्यांना माहीत असेल. पण डब्यात शेपू होता हे या रसिकाला कसं कळलं? डबा उघडला तुम्ही, खाल्ला तुम्ही."

अच्युतरावांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. बाईंनी मेथीची जुडी बाजूस ठेविली आणि बोलिल्या, "शेपूचं राहू द्या. पत्रांचं सांगा."

मग वर्तमानपत्राआडूनच शब्द आले, "आली होती."

"दोन्ही?"

"दोन्ही. पहिल्या पाकिटावर नुसतं फणसळकर लिहिलं होतं. मला वाटलं, मला पुन्हा बोलावलंय. दोन महिने वाटच बघत होतो मी. जिन्यातच फोडलं. आत तुझं नाव."

"मग?"

"मग वर आलो नाही. एस्टी स्टँडवर जाऊन बसलो. तिथंच फाडलं."

"आणि दुसऱ्याला उत्तर कुणी लिहिलं?"

"मी. तुझ्या नावानं. सहीसुद्धा केली."

बाईंचा आवाज चढला नाही, हेच अच्युतरावांस अधिक भयंकर वाटले. त्या म्हणाल्या, "अडतीस वर्षं मी समजत होते की मला जमलं नव्हतं. म्हणून कुणी विचारलं नाही. गणपतीत नाटकाला बोलवायच्या बायका, तर मी म्हणायची, नको गं, मला येत नाही. तुम्ही तिथंच बसलेले असायचात. ऐकत." इतके बोलून त्या मेथी घेऊन आत गेल्या. पुढे आठ दिवस घरात "पाणी आलं" आणि "जेवायला वाढलंय" याउपर शब्द निघाला नाही. अच्युतरावांनी दोन वेळा माफीचे बोलावयास तोंड उघडिले, तो बाईंनी मिक्सर सुरू केला.

नववे दिवशी बाईंनी भाचीस विचारून, मोबाइलवर एका बोटाने, स्वनामे आपले मत लिहिले : "मी कुमुदिनी फणसळकर. ती टाइपिस्ट मीच. मला खुनी ठाऊक नव्हता, आणि गोष्टही ठाऊक नव्हती. डावीकडे कारकून उभा होता, त्याच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं, आणि तो माझा नवरा असल्यामुळे मला काळजी वाटली, म्हणून बघितलं. हळबेसाहेब, तुमची पत्रं मला मिळाली नाहीत. मिळाली असती तर मी आले असते." मग प्रेक्षकांत एकच गहजब जाहला. नजरेचा अर्थ सांगणारे दोन्ही तट आधी हसले, मग शेवटचे वाक्य वाचोन हसावयाचे थांबले, आणि सर्वांनी एकच सवाल केला की पत्रे कोणी दाबिली? बाईंनी नाव सांगितले नाही. कोणी टपाल्यास दोष दिला, कोणी सासूवर आळ घेतला. तेव्हा अच्युतरावांस राहवेना. सासू म्हणजे त्यांची मातोश्री, ती तर त्याआधीच निवर्तली होती. मग त्यांनी खोटे नाव टाकून, खऱ्या नावाने लिहिले : "पत्रं मी लपवली. त्या भागात खुनी मीच होतो. जाणता रसिक मीच. मला मत्सर वाटला, आणि अजून वाटतो. माझ्या आईला बोलू नये."

मग काय पुसता? दोन दिवसांत साडेतीनशे मते पडली आणि सर्व अच्युतरावांवर. कोणी नीच म्हटले, कोणी म्हणाले की कबूल केले हेही थोडके नव्हे. अच्युतराव सर्व वाचीत होते, एकही सोडीत नव्हते. त्यांत एकाने लिहिले, "आता पुन्हा बघितला. कबुलीजबाब खरंच चांगला केलाय यांनी." ते वाचिले तेव्हा त्यांच्या मिशीत किंचित हसू आले, आणि बाई दारात उभ्या होत्या त्यांनी ते पाहिले. त्या म्हणाल्या, "शिव्यांतून पण शोधून काढलंत ना?" अच्युतरावांनी मोबाइल उलटा ठेविला आणि लाजेने कानापर्यंत लाल जाहले.

हळब्यांचा फोन आला, बहुत बोलणे जाहले, परंतु ते आता काही दिग्दर्शित करीत नव्हते आणि सतरावा भाग कोणा दुसरीने केव्हाच केला होता. गेले ते गेले. मग कुमुदिनीबाई आपल्या पायांनी वाचनालयात गेल्या, तेथे ज्येष्ठ मंडळी एकांकिका बसवीत होती, आणि बोलिल्या, "मला काम पाहिजे." त्यांस आजेसासूचे काम मिळाले. अच्युतरावांनीही विचारून पाहिले, तो पुरुषांची कामे भरली होती. कार्तिक मासी प्रयोग जाहला. अच्युतराव पाचव्या रांगेत बसले. बाई रंगमंचावर आल्या, दोन प्रवेश केले, आणि एके ठिकाणी काही न बोलता नुसत्या नातसुनेकडे पाहत राहिल्या, तो सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येईना. शेजारच्या गृहस्थाने पुसिले, "या बाई कोण हो?" अच्युतराव बोलिले, "आमच्या घरच्या." गृहस्थ म्हणाला, "आणि तुम्ही? तुम्ही पण काम करता का?" बोलिले, "करत होतो." आणि पडदा पडला तेव्हा उभे राहून टाळ्या वाजविल्या, तळहात हुळहुळेपर्यंत.

परत येताना रिक्षात बाईंनी पुसिले, "कसं झालं?" गेल्या तीन महिन्यांत त्यांनी आपण होऊन यजमानांचे मत पुसिले ते हे पहिलेच. अच्युतराव म्हणाले, "दुसऱ्या प्रवेशात थोडी घाई केलीस."

"खरं सांगताय की जळताय?"

त्यांनी विचार केला आणि बोलिले, "दोन्ही."

तेव्हा कुमुदिनीबाई हसल्या. क्षमा केली म्हणोन हसल्या ऐसे नव्हे, हसू आले म्हणोन हसल्या, आणि रिक्षा पुलावरून पलीकडे गेली.

येणेप्रमाणे जे जाहले ते लिहिले. मत्सराचे ठाणे त्या घरातून उठले नाही, परंतु त्याचा अंमल पूर्वीसारखा चालत नाही. बाईंच्या दुसऱ्या नाटकाच्या तालमी चैत्रापासून आहेत. लिहिण्यात अधिकउणे असेल ते वाचणारांनी सांभाळून घ्यावे. इति.