कडी पुढेच सरकते

सापळा लावायला काय लागतं, मांस-बटाटा भरलेल्या पास्टीची कड मुडपता आली की झालं, असं मी माझ्या नवऱ्याला भर जेवणाच्या टेबलावर सुनावलं. तेही त्याच्या बहिणीसमोर. त्याच्या उजव्या अंगठ्याला तेव्हा एवढं मोठं बँडेज होतं की तो अंगठा कमी आणि दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ जास्त वाटत होता.

माझा नवरा तौनो. आमच्या भागात बीव्हरांनी कुठे पाणी अडवलं की लोक त्यालाच फोन करतात. या शरदात बीव्हरांनी चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याखालची मोरी फांद्या-चिखलाने अशी ठासून बंद केली, की तळं रस्त्यावर चढायला लागलं. शनिवारी चर्चमध्ये माशांचं जेवण. सगळं गाव येणार, सुपीरियर सरोवराच्या पलीकडच्या काठावरूनही माणसं येणार. मोरी कितीही उपसली तरी बीव्हर रातोरात पुन्हा बांधतात, म्हणून त्यांना पकडणं भाग होतं. तौनो निघाला, आणि पहिलाच सापळा ताणताना तो त्याच्या अंगठ्यावर मिटला.

"जबडे उघडले की मधली टिकली उचलायला हात खालून घालायचा असतो ना?" मी विचारलं.

"हो."

"तूच सगळ्यांना सांगतोस ना?"

"हो."

"मग?"

तौनो डाव्या हाताने बटाटा कुस्करत राहिला. बोलणं त्याच्या स्वभावात नाही. त्याची बहीण लेम्पी मात्र बोलते. देवाने दोघांच्या वाट्याचं बोलणं तिच्या एकटीच्या ताटात वाढलंय.

"वहिनी, तुला इतकं येतं तर तूच का नाही लावत?" ती म्हणाली.

"लावते की. उद्याच लावते."

तौनोने मान वर केली. "शेजारच्या रिस्तोला सांगू आपण. तो लावेल."

"कशाला रिस्तो? इतकी वर्षं मी या टेबलाशी बसून दुसरं ऐकलंय काय? परवाना माझ्याही नावावर आहे."

"पाणी थंड आहे."

"ते मलाही दिसतं."

"स्प्रिंगा दाबून धरायचे क्लॅम्प कमरेला अडकव. काठावर ठेवू नकोस."

"बरं, गुरुजी," मी म्हटलं. लेम्पी हसली. तौनो हसला नाही.

सकाळी मी त्याची छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, पाठीवर सापळ्यांची टोपली घेतली आणि गाडी काढली. आता सांगते ते बढाई म्हणून नाही, कारण बढाई मारायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. पण सापळा मी खरोखर चांगला लावला. सपाट दगडावर ठेवून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बुटांखाली दाबल्या. जबडे पडले, तशी अडकवणारी पट्टी वरून फिरवली आणि हात जबड्याच्या बाहेरून, खालून घालून टिकली उचलली. बोटं कुठेही मध्ये नाहीत. मग सावकाश एक-एक पाऊल उचललं. सापळा उघड्या तोंडाने गपगार पडून राहिला.

काठाशी वीतभर पाण्यात, बीव्हर जिथून वर चढतात त्या घसरणीवर, मी तो बसवला. वर चिखलाचा ढीग करून त्याला बीव्हरांना खेचणारं वासाचं औषध फासलं. सापळ्याची साखळी तारेवरच्या कडीला जोडली. ही तार एका टोकाला काठावरच्या खुंटीला बांधलेली असते, दुसऱ्या टोकाला खोल पाण्यात दगडांचं पोतं. तारेवरची कडी एकाच दिशेला सरकते, खोलाकडे. बीव्हरचा पाय अडकला की तो सवयीने खोल पाण्यात बुडी मारतो, कडी त्याच्याबरोबर जाते आणि परत येत नाही. बिचारा बुडून लवकर सुटतो, लोंबकळत राहत नाही. तौनोला ते तसंच हवं असतं.

क्लॅम्प मात्र मी कमरेचे काढून टोपलीत टाकले होते. वाकलं की मांडीला टोचत होते.

सगळं झाल्यावर काठावर उभी राहून मी माझ्या कामाकडे पाहिलं. आईने मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी नटवून पाहावं, तसं. वाटलं, याचा फोटो काढावा आणि नवऱ्याला पाठवावा. काढला. खाली लिहिलं, 'बघ आणि शिक.' पाठवला. मग वाटलं, पलीकडच्या बीव्हरांच्या बांधाचाही एक फोटो पाठवावा. त्यासाठी सापळ्याच्या पुढे जरा पाण्यात उतरले. डोळे फोनवर ठेवून मी एक पाऊल मागे टाकलं, अजून एक टाकलं, आणि पाण्याखालून कुणीतरी माझा पाय धरला.

रबर जाड, आत लोकरीचे दोन मोजे, हाड वाचलं. पण दचकून मी जी पुढे झेपावले, ती काठाकडे नव्हे, तळ्याकडे. फोन हातातून सुटला नाही, एवढं एकच काम मी धड केलं. उभी राहिले तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. वळून काठाकडे पाय ओढला. कडी जागची हलली नाही. पुन्हा ओढला. मग तोल सावरायला एक पाऊल खोलाकडे पडलं, आणि कडी आज्ञाधारकपणे तेवढीच पुढे सरकून थांबली.

तेव्हा मला तौनोची ती कडी नीट समजली.

खाली वाकून दोन्ही स्प्रिंगा हाताने दाबाव्यात, तर वाकल्याबरोबर विजारीत वरून पाणी शिरणार, आणि त्या थंडीत बोटांत दाबायला जोर राहणार नाही. क्लॅम्प काठावर टोपलीत, ऊन खात. विजार सोडून बाहेर यावं, तर बूट विजारीलाच जोडलेला. आतल्या लोकरीच्या पायजम्यात रस्त्यापर्यंत चालत जावं लागलं असतं, त्याआधी बहुधा बुडावं लागलं असतं.

फोन होता. तौनोला लावायला हवा होता. बोट त्याच्या नावावर ठेवलंही. पण त्याच नावाखाली 'बघ आणि शिक' लिहिलेलं दिसत होतं, आणि त्याने ते पाहिल्याची खूणही उमटली होती. मी लेम्पीला फोन लावला.

लेम्पी तेव्हा चर्चच्या स्वयंपाकघरात वेलचीच्या पावाचं पीठ मळत होती. हात पिठात, म्हणून तिने फोन शेजारणीकडून स्पीकरवर ठेवून घेतला. हे मला माहीत नव्हतं.

"लेम्पी, नीट ऐक. मी तळ्यावर आहे. पाण्यात उभी आहे."

"कशाला?"

"ते जाऊ दे. तू लगेच ये. तौनोला सांगू नकोस."

"काय झालंय?"

"फोनवर नाही सांगता येत. मला लाज वाटते." दात वाजत होते, त्यामुळे आवाज रडल्यासारखा येत होता. "मला आता मागे फिरता येत नाही गं. फक्त पुढे जाता येतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"वहिनी," लेम्पी म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज हळू होता, "पाऊल पुढे टाकू नकोस. मी येते. तू फक्त उभी राहा. आम्हा सगळ्यांना तू हवी आहेस."

मला वाटलं, शनिवारच्या जेवणाला वाढायला.

आधी आली ती पास्टर सालमेलांची गाडी. त्यातून पास्टर उतरले, आणि दुसऱ्या दारातून लेम्पी, कोपरापर्यंत पिठात. पास्टर काठाशी येऊन थांबले. टोपी काढली.

"सायमा," ते म्हणाले, "आपण बोलू या."

"बोलू की. पास्टर, तुमच्या पायाशी ती टोपली आहे ना..."

"वस्तूंचा विचार आत्ता नको."

"पास्टर, मला फक्त..."

"प्रत्येक संसारात असे दिवस येतात," पास्टर म्हणाले. लेम्पी रडायला लागली. ती रडत रडत म्हणाली, "मी काल हसायला नको होतं."

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला की हे दोघं इथे कशासाठी आलेत. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावर तौनोची पिकअप करकचून थांबली. लेम्पीने तौनोला सांगितलं होतं. अर्थात सांगितलं होतं.

तो उतरला. घाईत पायात घरातल्या सपाता तशाच, अंगात शनिवारी चर्चला घालायची पॅंट. तळ्याकडे बघत एक क्षण उभा राहिला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पांढरा, आणि एकदम म्हातारा. मग तो टोपलीपाशी वाकला, सरळ पाण्यात शिरला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. पाणी त्याच्याही कमरेपर्यंत होतं. बँडेजचा हात त्याने डोक्याच्या उंचीवर धरला होता, शपथ घेतल्यासारखा.

"सायमा," तो म्हणाला, "तुझी आई गेली त्या हिवाळ्यात मी सारखा सापळे बघायला जायचो. तिकडे काही नसायचं. तुला काय म्हणावं ते कळत नव्हतं, म्हणून जायचो."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. 'तौनो, पाय अडकलाय,' एवढंच. थंडीने जीभ वळत नव्हती, हे मी नंतर लोकांना सांगितलं. पण ती वळत होती.

"स्वयंपाकघराला तू सांगितलेला रंग दुकानात होता," तो पुढे म्हणाला. "मला पिवळा आवडत नाही. नाही मिळाला म्हणालो."

"तौनो..."

"थांब. तुझ्या बहिणीकडे डुलुथला जायचं, तर गाडी बिघडली म्हणायचो. ती बिघडलेली नसायची. ती माणसं फार बोलतात. आणि तू करतेस तो पाव चांगला असतो. माझ्या आईच्या हातचा बरा म्हणायचो मी. तुझा जास्त चांगला असतो. लेम्पी, आईचा सुकाच असायचा."

"सुकाच असायचा," लेम्पी काठावरून हुंदका देत म्हणाली.

"काल अंगठ्यावरून तू बोललीस ते बरोबर होतं. मी वरून हात घातला होता. मला राग आला तो त्याचाच."

पास्टर डोळे पुसत होते. आणि मी, कमरेएवढ्या पाण्यात, बीव्हरच्या सापळ्यात, नवऱ्याचा बांध फुटलेला ऐकत उभी होते आणि मनात म्हणत होते, अजून थोडं बोल. एवढी नीच मी आयुष्यात कधी झाले नव्हते. पायाला कळ लागत होती, ती बरी वाटत होती; निदान ती तरी खरी होती.

शेवटी मीच कोलमडले. "तौनो," मी म्हटलं, "माझा पाय सापळ्यात आहे."

तौनो "हं" म्हणाला, वाकला, आणि खांद्यापर्यंत पाण्यात गेला. त्याचा गाल माझ्या पोटाला टेकला होता. एक क्लॅम्प बसला, मग दुसरा. जबडे सैल पडले आणि माझा पाय माझा झाला.

त्याने सापळा साखळीसकट वर काढला. लेम्पीने तो पाहिला. रडणं थांबवून तिने नाक पुसलं, तर पीठ नाकाला लागलं.

"सापळा?" ती म्हणाली. "वहिनी, मी अख्ख्या स्वयंपाकघराला गुडघ्यावर बसवून आलेय. अजून प्रार्थना करतायत त्या."

"देवाने ऐकली म्हणायची," पास्टर म्हणाले आणि टोपी घालून भराभर गाडीकडे गेले. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत नव्हते.

पिकअपमध्ये हीटर पूर्ण लावून आम्ही घरी निघालो. अंग शेकायला सौना पेटवायचा म्हणून तौनो घाईत होता. माझ्या अंगावर त्याचा कोट, त्याच्या अंगावर काही नाही, खाली चर्चची ओली पॅंट. शनिवारी मला त्या सगळ्या बायकांच्या शेजारी उभं राहून मासे वाढायचे होते, आणि प्रत्येक जण ताट पुढे करताना माझ्या पायाकडे बघणार होता. पण मला त्याहून मोठी लाज खात होती.

"तौनो," मी म्हटलं, "मला मधेच सांगता आलं असतं. मी मुद्दाम नाही सांगितलं. मला ऐकायचं होतं. तू घाबरून बोलत होतास आणि मी ऐकत राहिले."

तो काचेवरची वाफ तळहाताने पुसत राहिला.

"तू काही म्हण तरी," मी म्हटलं. "शिव्या दे."

"घाबरलो होतो ते गाडीत," तो म्हणाला. "तळ्याशी उतरल्यावर खुंटीपासून ताणलेली तार दिसली. क्लॅम्प टोपलीतून उचलले ते उगाच का?"

मी त्याच्याकडे वळले.

"म्हणजे तुला माहीत होतं? मग ते सगळं तिथे, गारठ्यात, पास्टरसमोर कशाला बोललास?"

तौनोने गिअर बदलला. अंगठा दुखला असावा, तोंड वाकडं झालं.

"एरवी तू माझं पुरतं ऐकतेस कधी?" तो म्हणाला. "आज तुला कुठे जाता येत नव्हतं."