पुराव्याने बोलणारे मोघे

मंडईत मेथी घेताना मोघे भाजीवालीकडे पुरावा मागतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाजीवाली म्हणाली, "घ्या काका, आजचीच हाय." मोघ्यांनी जुडी नाकाशी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पुरावा?" बाई मंडईतली, तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "खाऊन बघा. उद्या भांडायला आला नाहीत, तर ताजी होती समजायचं." मोघ्यांना हे शास्त्रशुद्ध वाटलं असावं. त्यांनी दोन जुड्या घेतल्या.

हे मोघे नारायण पेठेतल्या एका लहानशा खाजगी संग्रहालयात जुने कपडे सांभाळतात. त्यांचा हुद्दा बराच लांबलचक आहे, पण काम एवढंच, की अंगरखे, शेले, पगड्या, कुंच्या आणि जोडे यांना ऊन, ओल, कसर आणि प्रेक्षक यांच्यापासून वाचवायचं. यांतला सगळ्यात वाईट शत्रू प्रेक्षक, असं त्यांचं मत आहे. "कसर निदान सेल्फी काढत नाही," ते म्हणतात.

वडील खडकीला फौजी गणवेश शिवायचे, त्यामुळे मोघ्यांना टाका बघून माणूस कळतो. पण कळलेलं सांगायला ते तयार नसतात. कपाटातल्या चिठ्ठ्या ते स्वतःच्या हातानं लिहितात. ‘पुरुषाचा अंगरखा. बहुधा लग्नात घातलेला. बाहीवर डाग, बहुधा वरणाचा. मालक ठाऊक नाही.’ एकदा एका गृहस्थांनी जरा घुश्शातच विचारलं, "अहो, शिवकालीन काहीच नाही का तुमच्याकडे?" मोघे म्हणाले, "आहे की. सिंहगड. स्वारगेटहून बस मिळेल."

अशा माणसाकडे मी आमच्या घराण्याची पगडी घेऊन गेलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

आमचे पणजोबा दरबारात होते. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा वापरलं आहे, की त्याला माझ्या पगारातला वाटा द्यायला हवा. नोकरीच्या मुलाखतीत वापरलं. लग्न ठरताना सासऱ्यांसमोर वापरलं. सासरे बिचारे अजून त्याच भरवशावर आहेत. कोणाच्या दरबारात, असं कोणी विचारलं नाही, हे माझं नशीब, कारण ते मलाही माहीत नव्हतं. पण पगडी होती. लाल, जरीची, रुबाबदार. ती इंदूआत्याकडे असायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं आणि नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिली. वय एक्याऐंशी. दर दसऱ्याला ती पगडी पाटावर ठेवायची, झेंडूचा हार घालायची, आपट्याची पानं वाहायची. आता तिची इमारत पाडून नवी होणार, तोवर ती आमच्याकडे कोथरूडला राहणार, असं ठरलं. स्वतःबद्दल तिची काही तक्रार नव्हती. काळजी होती ती पगडीची.

"माझ्यानंतर ही कोण सांभाळणार?" तिनं विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

"तुझ्या लग्नाचा कोट कुठाय?"

लग्नाचा कोट मी माळ्यावर जपून ठेवला होता. पाच वर्षांनी काढला तेव्हा बटणं तेवढी शाबूत होती. पुढं आत्या म्हणाली, "संग्रहालयात देऊन ये. तिथं तरी नीट राहील." मला कल्पना फारच आवडली. काचेचं कपाट, आत पगडी, खाली आमचं आडनाव, शेजारी उभा मी, आणि तो फोटो सासऱ्यांच्या मोबाइलवर. इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

मोघ्यांनी माझ्याकडे न बघता आधी पिशवीकडे बघितलं. "फरसाणाच्या पिशवीतून आणलीत?"

"धुतलेली आहे," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतलं गाठोडं काढलं आणि टेबलावर सोडलं. आत जुनं मऊ धोतर, त्याच्या घड्यांत वेखंडाचे तुकडे आणि लवंगांची पुरचुंडी. मोघे एकेक घडी उलगडत गेले आणि मग मध्येच थांबले.

"हे कोणी बांधलं?"

"आत्यानं."

"तुम्ही नाही ना?"

"नाही."

"वाटलंच," असं म्हणून त्यांनी पगडीवर भिंग धरलं. मी पणजोबांविषयी बोलू लागलो. दरबार, मानमरातब, स्वारी निघायची वगैरे. स्वारी मी त्या क्षणी बनवली होती. पगडीचं अस्तर एका जागी उसवलेलं होतं. मोघ्यांनी तिथून टॉर्चचा उजेड आत सोडला, चिमट्यानं कापड अलगद उचललं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"तुमचे पणजोबा दरबारात होते," ते म्हणाले.

"तेच तर सांगतोय मी!"

"चौथ्या नंबरवर होते. दरबाराला तिकीट होतं."

मी आत डोकावलो. आतल्या पुठ्ठ्यावर एका नाटक मंडळीचा पुसट शिक्का होता आणि खाली शाईनं लिहिलं होतं : ‘दरबारी, चौथा’. म्हणजे राजा बोलत असताना मागं उभं राहून माना डोलवणाऱ्यांपैकी शेवटचा. तीन पिढ्या आम्ही ह्या माणसाच्या जिवावर नाक वर करून चाललो होतो. माझं स्वतःचं म्हणाल, तर ऑफिसात साहेब बोलत असताना मीही साधारण तेच काम करतो. म्हणजे परंपरा खंडित झालेली नाही.

माझी लाज मी पचवली असती. पण आत्या? सत्तर दसरे तिनं त्या पगडीला हात जोडले होते. मी मोघ्यांना म्हणालो, "मी तिला सांगतो, संग्रहालयात जागा नाही म्हणून."

"जागा आहे," मोघे म्हणाले. "आणि उत्तर ज्यानं जपलं त्याला द्यायचं असतं. तुम्ही फक्त वाहतूक केलीत. तीही फरसाणाच्या पिशवीतून."

ते स्वतः निघाले, पगडी त्याच धोतरात ठेवून दोन्ही हातांवर घेऊन. रस्ताभर मी विनवण्या करत होतो. "सांगू नका हो तिला. म्हातारं माणूस आहे." मोघे म्हणाले, "विचारलं नाही, तर नाही सांगणार."

आत्या शिक्षिका होती. तिनं दार उघडल्याबरोबर विचारलं, "काय निघालं?"

मोघ्यांनी सांगितलं. फिरवून नाही, गोड करून नाही. शिक्का, मंडळी, चौथा दरबारी. आत्या पलंगावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मला मोघ्यांचा इतका राग आला, की हाताशी काही असतं तर फेकून मारलं असतं.

मग आत्या म्हणाली, "दादांना शेवटपर्यंत कळलं नाही. बरं झालं." दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. आणि मोघ्यांना विचारलं, "मग तुम्ही ठेवून घेणार नाही?"

"आमच्याकडे फक्त वापरातले कपडे घेतात. सोंगाचे घेत नाहीत. मला तो अधिकार नाही."

"मग माझ्यानंतर हिचं काय?" असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मोघे जायला उठतील असं मला वाटलं. ते स्टूल ओढून बसले. "अस्तर कधीपासून उसवलंय?"

"मी लहान होते तेव्हापासून."

"टाका का नाही घातलात?"

"जुन्या कापडाला नव्या दोऱ्याचा जाच होतो. आई म्हणायची, आहे तेवढं राहू दे, वाढू देऊ नको."

"आणि घडी?"

"दर वर्षी जागा बदलायची. नाहीतर तिथंच चिरतं."

मोघ्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हे शिकवायला आमच्याकडे दिल्लीहून माणूस आला होता. आठ दिवस राहिला. अर्धं विसरला." मग ते वेखंडाबद्दल विचारू लागले, आत्या सांगू लागली. दोघं लवंगांवर बोलत होते. मी तिथं आहे याची त्यांना आठवण नव्हती, आणि खरं सांगतो, आत्याला इतक्या तपशिलात कोणी काही विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी तर कधीच विचारलं नव्हतं.

बोलता बोलता मोघे थांबले. पगडीकडे बघत म्हणाले, "मला द्याल का? संग्रहालयाला नाही. मला."

आत्याचा हात पगडीवर गेला.

"तीस वर्षांत मी कोणाची चिंधीसुद्धा घरी नेलेली नाही," मोघे म्हणाले. "आमची ही गेली, तेव्हा संग्रहालयात मोठं प्रदर्शन होतं. मी चौथ्या दिवशी कामावर गेलो. दुसऱ्यांचे शेले मोजत बसलो. आठवडाभरानं घरी कपाट उघडलं, तर तिच्या साड्या नातेवाइकांनी वाटून घेतलेल्या. मी नको म्हणालो नव्हतो, म्हणून मला विचारलं नाही. ब्लाउजसुद्धा राहिला नाही. एवढं कापड सांभाळतो मी, पण घरी सांभाळायला काही नाही."

हे सगळं ते नेहमीच्याच कोरड्या आवाजात बोलले, चिठ्ठी वाचून दाखवावी तसं. मघाशी ह्या माणसाला काही तरी फेकून मारावंसं वाटलं होतं, त्याची मला लाज वाटली.

आत्यानं पगडी पुढं ओढली आणि धोतर पसरलं. "बांधून दाखवा," ती म्हणाली.

मोघ्यांनी बांधलं. ज्यांच्या हाताचं काम बघायला लोक लांबून येतात, त्यांची घडी आत्यानं सोडून टाकली. "टोक आत नाही, खाली." त्यांनी पुन्हा बांधलं. तिनं पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा मात्र तिनं गाठोडं चारी बाजूंनी चाचपून पाहिलं, त्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि उठून आतल्या खोलीत गेली.

मोघे गाठोडं घेऊन उभे राहिले. निरोप न घेता निघावं की थांबावं, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून सांगितलं, "बाई, पूजा मला येत नाही. दसऱ्याला तुम्हाला यावं लागेल. माझं घर खडकीला, जरा लांब आहे."

आतून, वर्गात बोलायची त्याच सुरात, आत्याचा आवाज आला.

"सकाळी लवकर न्यायला या. मला रांगोळीला वेळ लागतो."