डिस्कला तेलाचा मान

वेग ही कला आहे आणि थांबणं ही तडजोड, हे तत्त्व आमच्या जुन्नर तालुक्यात सर्वमान्य आहे. शर्यतीच्या बैलगाड्याला ब्रेक नसतो. गाडा घाट, म्हणजे शर्यतीची चढण, चढून वर गेला की बैल आपोआप उभे राहतात (न राहिल्यास प्रेक्षक पळतात). तालुक्यात शंभरांपैकी नव्व्याण्णव जण वेगाचे जाणकार आहेत. उरला एक सुनील, त्याचं आळेफाट्याला गॅरेज आहे.

पिंपळवंडीच्या अमृतने बैलांऐवजी मोटार घेतली आणि महिन्याला एकदा ती माळावरच्या रेसिंग ट्रॅकवर पळवू लागला. चार खेपांत ब्रेकचे पॅड झिजून पापडासारखे पातळ झाले, ते ज्यांना आवळतात त्या चाकातल्या डिस्क वाकल्या, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरे. सुनीलने दोन्ही नवे बसवले आणि बजावलं, "भाऊ, डिस्कला तेलाचं बोट बी लागता कामा नये. लागलं तर गाडी थांबायची न्हाई." या वेळी शेजारी बायको, हर्षाली, बसणार होती, म्हणून अमृतने हे तीनदा ऐकून घेतलं.

चुलते धर्माजी यांच्यापर्यंत मात्र सूचना पोचली नाही (ज्येष्ठांना सूचना देण्याची घरात पद्धत नाही). चाळीस वर्षांत त्यांनी शिंगांना तेल लावल्याशिवाय एकही बैल घाटात सोडला नव्हता. ट्रॅकवर अमृत हेल्मेटच्या रांगेत असताना त्यांनी गाडीभोवती फिरून शिंगं शोधली. ती नव्हती. चाकाच्या जाळीतून नवीकोरी डिस्क तेवढी चकाकत होती. धर्माजींनी आत हात घालून पुढच्या दोन्ही डिस्कना शेंगदाण्याचं तेल निगुतीने चोळलं आणि वर भंडारा उधळला.

पहिल्या वळणाला अमृतने ब्रेक दाबला. गाडीने दखल घेतली नाही. टायरांची भिंत ओलांडून ती कांद्याच्या वावरात रुतली. हर्षाली सोललेल्या गुडघ्यानिशी मातीत बसलेली पाहून, खरं सांगतो, मी कांदे तुडवत तिच्याकडे धावलो.

सुनीलने डिस्कवर बोट फिरवून वास घेतला. "तेल कुणी लावलं?"

"म्या," धर्माजी अभिमानाने म्हणाले. "लई दिवसांत गाड्याची अशी बारी न्हाई पाह्यली, राव. पहिल्या नंबरात!"

हर्षाली एसटीने घरी गेली (बायकांना अर्धं तिकीट).

धर्माजींना हसणं सोपं आहे. दसऱ्याला तुम्ही गाडी धुतलीत, झेंडूचा हार घातलात, चाकाखाली लिंबू चिरडलंत, बायकापोरं आत बसवून माळशेज उतरलात. पॅड किती उरलेत, पाहिलंत? धर्माजींचा हात निदान ब्रेकपर्यंत पोचला तरी होता.