पाटबंधारेतला बडा साहेब

आमच्या परभणीत सरकारी खिडकीवर सरळ जाऊन काही विचारणं कमीपणाचं समजतात. आधी ओळखीचा माणूस गाठायचा, मग खिडकी. त्यात मी पाटबंधारे खात्यातला कारकून. मीच खिडकीशी ताटकळलो तर खात्याची अब्रू काय राहील? (खात्याला माझं नाव अजून नीट माहीत नाही, ती गोष्ट वेगळी.)

म्हणून चारठाण्याहून मेहुणे लिंबाजी आले तेव्हा मी घोळ करून बसलो. ते म्हणाले, "दाजी, सत्यशीला मॅट्रिक झाली. सरकार कॉलेजसाठी पैसे देतंय म्हणत्यात. पक्कं असंल तर शिकवतो. न्हाईतर राणीसावरगावचं स्थळ हाय, रविवारी होकार कळवायचाय."

"पोरीला इथंच ठेवून जा. पक्की माहिती काढतो," मी म्हणालो. बायकोनं, म्हणजे रुख्मिणीनं, माझ्याकडे चक्क कौतुकानं पाहिलं.

सत्यशीलेला आर्ट्स करून शिक्षिका व्हायचं होतं. पोरगी हुशार, आणि लग्नाचं नाव काढलं की जेवण टाकायची.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा पिताना मी आमच्या ऑफिसातल्या भुजंगला विचारलं, "स्कॉलरशिपचं काय खरं हाय हो?"

"मला काय ठाऊक? तुमालाच ठाऊक असंल."

असं कुणी म्हणालं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. बशीत चहा ओतत मी म्हणालो, "ऐकतो बुवा, मुलींना सायन्सलाच देतात." (कुठं ऐकलं? कुठंच नाही. बशी हातात आली की मला असं सुचतं.)

शुक्रवारी पानपट्टीवाल्या नागनाथला गाठलं. त्याच्याकडे गावाची बित्तंबातमी असते. चुना लावता लावता तो हळूच म्हणाला, "पोरींना फकस्त सायन्सला. एकदम पक्की खबर. पाटबंधारेतल्या बड्या साहेबानं भुजंगरावाला सांगितलंय."

आमच्याच खात्यात एवढा जाणकार, आणि मला पत्ता नाही! घरी येऊन मी बातमी सांगितली. सत्यशीला समोरचं ताट सारून आत गेली. मला फार वाईट वाटलं. पण हा साहेब कोण, ही उत्सुकता काही जाईना.

शनिवारी ऑफिसात शिरताच भुजंगला धरलं. "आपल्यात कोण हो हा बडा साहेब?"

"कोण म्हंजे? तुमीच की! गोष्टीला वजन यावं म्हणून साहेब म्हणलो."

वीस वर्षांच्या नोकरीतली माझी ही पहिली बढती.

तसाच घरी पळालो आणि रुख्मिणीपुढे सगळं ओकलो. ती मला फैलावर घेत होती, तेवढ्यात दारात उभं राहून सगळं ऐकणाऱ्या सत्यशीलेनं चपला घातल्या आणि ती निघून गेली. दुपारी लिंबाजी येऊन टेकले. "पोरगी कुठाय?" याची तर माझ्याकडे कच्चीही माहिती नव्हती. आमचे तिघांचेही चेहरे उतरले.

इतक्यात ती घामाघूम होऊन आली. "बाबा, आर्ट्सलाबी मिळते! कॉलेजात जाऊन खिडकीवर विचारलं. तुमच्या उत्पन्नाचा दाखला तेवढा आना म्हणले."

लिंबाजींनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. "त्या स्थळाला न्हाई म्हणून कळवतो. पण खिडकीवर वळख कुणाची सांगितलीस? दाजींची?"

"तिथले सर लय चिडले होते. सकाळपासून जी ती पोरगी सायन्सचंच विचारायलीय म्हणं. मला म्हणले, पाटबंधारेतला तो बडा साहेब कोण हाय, वळखतीस का?"

"मग?" मी घाबरत विचारलं.

"म्हणलं, न्हाई सर. त्या खात्यात आमच्या वळखीचं कुनीच न्हाई."