नर्सबाईंना लागलेलं कासव

ऐंशी माणसांची बोटं टोचायची होती आणि महिना अर्धा सरला तरी यान बी-युनच्या हाती जेमतेम एकतीस लागली होती. गावच्या आरोग्य केंद्राच्या यादीत साखरेच्या आजाराची माणसं एकशे अठरा. मोठ्या बेटावरच्या कार्यालयातून पत्र आलं होतं की, महिनाअखेर त्यातल्या ऐंशी जणांची तपासणी झाली नाही तर दर बुधवारी बोटीनं येणारा डॉक्टर पुढच्या महिन्यापासून बंद. ज्यांना गरज असेल त्यांनी मोठ्या बेटावर यावं, असंही पत्रात प्रेमानं लिहिलं होतं.

पत्र लिहिणाऱ्यानं पेंगहू बेटांवरचं थंडीतलं वारं खाल्लेलं दिसत नव्हतं. या दिवसांत बोट आठवड्यातून तीन दिवस धक्का सोडत नाही. बी-युन एकोणीस वर्षं या गावात नर्स होती. गरज पडली तर मोठ्या बेटावर कोण जाईल, याची यादी तिला तोंडपाठ होती. त्या यादीत एकही नाव नव्हतं.

प्रयत्न करायचे तेवढे तिनं केले होते. चिनी, व्हिएतनामी आणि इंडोनेशियन अशा तिन्ही भाषांत फलक लावले होते. व्हिएतनामी फलक लिहून दिला थूईनं. थूई लग्न होऊन या गावात आली त्याला बारा वर्षं झाली होती आणि धक्क्यावर तिची न्याहारीची गाडी होती.

"ताई, तो फलक माझ्या गाडीवरून काढा," थूई म्हणाली. "वर लिहिलंय गोड टाळा, आणि खाली मी कॉफीत घट्ट गोड दूध ओततेय. बायका वाचतात, हसतात आणि दूध जास्त मागतात."

शेवटी बी-युननं ठरवलं की, लोक आपल्याकडे येत नाहीत तर आपण लोक असतील तिथं जावं. चिनी वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला अख्खं गाव वांग-ये देवाच्या देवळात असतं. आवारात एक टेबल टाकलं तर काम फत्ते. फक्त देवस्थान समितीच्या प्रमुखांची परवानगी हवी होती, आणि प्रमुख होते लू थ्येन-शेंग. वय चौऱ्याहत्तर, हेका त्याहून जुना.

"देवाच्या दारात सुया?" लू आजोबा म्हणाले.

"सुई नाही हो आजोबा. बारीकशी टोचणी."

"मग तर बघायलाच नको."

बोलताना ते डाव्या पायावर भार देत नव्हते. नववर्षापासून ते असेच लंगडत होते आणि उजवा पाय उघडा असला तरी यांचा डावा मोजा पायातच असायचा. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय याच साखरेनं गुडघ्याखाली गेला होता, आणि त्या पायाची पट्टी शेवटपर्यंत बी-युननंच बदलली होती. म्हणून ऐंशीचा आकडा एकीकडे आणि हा एक मोजा एकीकडे, असं तिचं झालं होतं. तिला मनापासून भीती वाटत होती.

"पाय कसा आहे?" तिनं विचारलं.

"आहेत दोन. आणि परवानगी देणारा मी कोण? देवाचा कौल घे. पण रांगेतून ये. इथं वशिला चालत नाही."

ती रांग होती कासवाची. देवापुढे तांदळाचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि साखर यांचं सव्वाशे किलोंचं लालभडक कासव बसलं होतं. रीत अशी की चटईवर गुडघे टेकायचे, आपलं नाव-पत्ता सांगायचा आणि चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला की देवाचा होकार. ज्याला लागोपाठ सगळ्यांत जास्त होकार मिळतील त्यानं कासव न्यायचं, घरोघर त्याचे तुकडे वाटायचे आणि पुढच्या वर्षी देवाला आणखी मोठं कासव करून द्यायचं. या कासवाची साखर अंगाला लागत नाही, असं गावात सगळेच मानत. बी-युनचं मापयंत्र तेवढं मानत नसे.

त्या दिवशी सकाळपासून आघाडीवर होते खुद्द लू आजोबा. सहा होकार. बाकी कुणाची मजल चारच्या पुढं गेली नव्हती. आजोबांच्या सुनेनं शीतपेटी रिकामी करून ठेवली होती.

बी-युनची पाळी आली. ती चटईवर बसली. "मी यान बी-युन, राहणार आरोग्य केंद्राच्या मागची खोली. देवा, आवारात तपासणीचं टेबल लावू का?" ठोकळे पडले. होकार.

"एका कौलावर एवढं मोठं काम?" शेजारी उभे असलेले लू आजोबा म्हणाले. "तीन लागतात."

तिनं आणखी दोनदा टाकले. दोन्ही वेळा होकार.

"टेबल कुठं लावायचं, ते विचारलंस?"

"दाराच्या डावीकडे लावू का देवा?" होकार.

"आणि रक्त सांडणार त्याचं काय?"

"थेंबभर असतं आजोबा."

"थेंब तर थेंब. विचार."

विचारलं. होकार.

"बोटींवरची ती इंडोनेशियाची पोरं पण बोलावणार असशील. त्यांचा देव वेगळा. आमच्या देवाला चालणार आहे का?"

देवाला चालणार होतं. इथं लू आजोबांनी गप्प बसायला हवं होतं. पण ते मोजत होते स्वतःच्या हरकती. तिचे होकार मोजायचं काम लाउडस्पीकरवाल्याचं होतं.

"सगळ्यांची बोटं टोचायची म्हणजे माझंही टोचणार," ते म्हणाले. "देवस्थानच्या प्रमुखाचं बोट. हे देवाला मान्य आहे का, तेवढं विचार एकदा."

तिनं विचारलं. एक ठोकळा पालथा पडला. दुसरा गरगर फिरला, आजोबांच्या मोज्याला लागला आणि उताणा झाला.

"सात," लाउडस्पीकर गरजला. "यान बी-युन, आरोग्य केंद्राच्या मागची खोली, सात. पुढं कोणी आहे?" पुढं कोणी नव्हतं. बाहेर फटाक्यांची माळ लागली.

"अहो, मी कासवासाठी नव्हते आले," बी-युन म्हणाली.

"नाव सांगितलंत?" लाउडस्पीकरवाल्यानं विचारलं.

"सांगितलं."

"पत्ता?"

"सांगितला. पण मागितलं टेबल."

"कासवाच्या चटईवर बसून? नर्सबाई, बँकेच्या रांगेत उभं राहून कुणी मासे मागतं का?"

लू आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बघायची कुणाची हिंमत नव्हती.

देवानं दिलेलं नाकारायचं नसतं. नाकारलं तर वर्षभर जाळ्यात मासा येत नाही, आणि मग त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे उघड होतं. ढोल वाजवत कासव मासळीच्या हातगाडीवरून केंद्रात आलं. दार लहान पडलं. वजनकाटा बाहेर काढला, तपासणीची खाट उभी केली आणि कासव भिंतीला टेकून बसवलं. त्याच्या नेमकं वर फलक होता, 'गोड कमी, आयुष्य जास्त'. दहा मिनिटांत तो फोटो गावच्या सगळ्या फोनांवर फिरला. अकराव्या मिनिटाला मोठ्या बेटावरून साहेबांचा फोन आला.

"यान बाई, हे काय आहे?"

"कासव आहे साहेब."

"ते दिसतंय. वरचा फलकही दिसतोय. परत करा ते."

"परत करता येत नाही. तुमच्या नावानं पाठवू का? मग तुम्ही परत करा."

साहेबही याच बेटांवरचे होते.

"किती कौल मिळाले?"

"सात."

"हं. फलक काढून ठेवा. आणि हे बघा, एखादा पाय बाजूला ठेवता आला तर ठेवा. आईला हवाय."

आवारातल्या टेबलावर त्या दिवशी एकही बोट आलं नाही. टेबलाला सात-सात कौल मिळाले होते, पण टेबलाकडे बघतो कोण? जो तो एकच विचारून जात होता, "आमचा तुकडा कधी?" संध्याकाळी थूई सोयाबीनच्या दुधाचा पेला घेऊन आली. साखर न घातलेला.

"ताई, लोक तुमच्याकडे येत नाहीत, कासवाकडे येतात," ती म्हणाली. "आता कासव राहायला कुठं आहे?"

"केंद्रात."

"मग? कासवाला घरोघर कशाला हिंडवताय?"

त्याच रात्री लाउडस्पीकरवरून सांगण्यात आलं की, कासवाचा तुकडा ज्यानं त्यानं स्वतः येऊन न्यायचा. सकाळी, उपाशीपोटी. आधी बोट, मग तुकडा. आणि ज्याची साखर जास्त त्याचा तुकडा लहान.

पहाटेपासून दारात झुंबड उडाली. जी माणसं एकोणीस वर्षं "उद्या येते", "उद्या येतो" म्हणत होती ती बोट पुढं करून भांडू लागली. बोटीवरच्या इंडोनेशियन पोरांनी कासवात डुकराची चरबी नाही ना, याची आधी खात्री करून घेतली, आणि मग अकराच्या अकरा जण शिस्तीत बसले. ती पोरं यादीत नव्हती, पण दोघांची साखर चढलेली निघाली म्हणून बी-युननं त्यांना बुधवारी बोलावलं. चाय-हा आजींची दोनशे नव्वद भरली. त्यांच्या हातावर नखाएवढा तुकडा पडला.

"एवढासा? शेजारणीला पुठ्ठ्याची पेटी भरून दिलीस."

"तिची पंच्याण्णव आली, आजी."

"मग माझी उद्या परत बघ. आज रात्री जेवतच नाही."

"जेवायचं, आजी. फक्त भात अर्धा घ्यायचा."

आजींनी भात खरोखरच अर्धा घेतला आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर चालायलाही गेल्या. त्यांच्या मागं आणखी सहा जणी निघाल्या. ज्या गावात कुणाला स्वतःचा रक्तगट माहीत नव्हता, तिथं एकमेकींची साखर विचारली जाऊ लागली.

वाटपाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कासवाचं फक्त डोकं उरलं आणि साहेबांच्या आईचा पाय. बी-युननं यादीवरच्या खुणा दोनदा मोजल्या. एकोणऐंशी. महिन्याचे तीन दिवस बाकी होते आणि उरलेल्या एकोणचाळिसांपैकी अडतीस जण सण करून मुलांकडे काओशुंग शहरात परत गेले होते. गावात उरला होता यादीतला एकच माणूस.

तो माणूस दारात उभा होता. लू आजोबांच्या काखेत लाल कागदाची गुंडाळी होती, हातात कुंचला आणि खांद्याला देवळाची पिशवी. कासव जिंकणाऱ्यानं पुढच्या वर्षी काय द्यायचं, ते लाल कागदावर लिहून देवळाच्या भिंतीवर लावायचं असतं, आणि ते प्रमुखानंच लिहायचं असतं. नाहीतर ते आलेच नसते.

"किती किलो?" त्यांनी कासवाच्या डोक्याकडे न बघता विचारलं.

"दीडशे."

त्यांनी लिहिलं. "कशाचं?"

"रताळ्याचं. साखर न घालता."

कुंचला थांबला. "देवाला फिकं कासव?"

"रताळं गोड असतं, आजोबा. आणि पटत नसेल तर देवालाच विचारू. ठोकळे तुमच्या पिशवीतच असतील."

लू आजोबांनी पिशवी छातीशी धरली. "तू ठोकळ्यांना हात लावायचा नाही."

"का?"

"मला सहा देतो, तुला सात. तू मागशील ते तो देतो. काय खायला घालतेस त्याला, कळत नाही."

"मग सातव्या कौलाचं काय करायचं?" बी-युननं टोचणी टेबलावर ठेवली. "त्यात तुमचं बोट विचारलं होतं. तुम्हीच विचारायला लावलं होतं. देव हो म्हणालाय. शंका असेल तर पुन्हा विचारते, द्या ते ठोकळे."

आजोबा पिशवीकडे बघत राहिले. मग टोचणीकडे. देवाचा शब्द मोडणं त्यांना चौऱ्याहत्तर वर्षांत जमलं नव्हतं.

"ठोकळे नकोत," ते म्हणाले. "त्यापेक्षा बोट घे."

यंत्रावर आकडा आला. तीनशे बारा. बी-युननं यंत्र त्यांच्याकडे वळवलं. "तीनशे बारा आहे, आजोबा."

आजोबांनी आकडा स्वतः वाचला. "गावात सगळ्यांत जास्त कुणाची निघाली होती?"

"चाय-हा आजींची. दोनशे नव्वद."

"म्हणजे मी पहिला."

"पहिले."

"लाउडस्पीकरवर सांगणार?"

"असलं सांगत नसतात."

"मग काय उपयोग," ते म्हणाले. आणि वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं डावा मोजा काढला.

जखम खोल होती, पण बोटं तांबूस होती. वेळ गेलेली नव्हती. बी-युननं ती धुतली, पट्टी बांधली आणि यादीत ऐंशीवी खूण केली. खूण करताना तिचे डोळे भरून आले, म्हणून तिला ती पुन्हा एकदा नीट करावी लागली.

बुधवारी डॉक्टर आला. पुढच्या बुधवारीही येणार होता. लू आजोबा उशिरा आले आणि तीनशे बारावाल्याला रांग कसली म्हणून सरळ पुढं निघाले. थूईनं त्यांची बाही धरून त्यांना रांगेत लावलं आणि इथं वशिला चालत नाही, असं सांगितलं.

लाल कागद देवळाच्या भिंतीवर लागला आहे. लू आजोबांच्या ठसठशीत अक्षरांत त्यावर लिहिलं आहे, 'यान बी-युन, दीडशे किलो, रताळ्याचं'. खाली बारीक अक्षरांत त्यांनीच भर घातली आहे, 'साखर घालावी की नाही, याचा कौल वेळेवर घेण्यात येईल. त्या वेळी नर्सबाईंनी देवळाच्या बाहेर थांबावं.'